गाडीखालचे व्हिनाइल आणि व्हिनाइलखालची ओल

कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या गावांतील व्यापारी कुटुंबांची जुनी घरे दुकानाच्या माथ्यावर किंवा पाठीमागे असत. गाडी पुष्कळ उशिरा आली, आणि आली तेव्हाही ती रस्त्याच्या कडेलाच उभी राहिली. पुढे कुटुंबे वाढली, बाजारपेठेतील जागा अपुरी पडू लागली आणि गावाच्या कडेला बंगले उभे राहिले. या बंगल्यांच्या तळमजल्यावर गाडीसाठी शटर असलेली स्वतंत्र खोली असते. मराठीत गॅरेज म्हटले की मिस्त्री, पाना आणि काळे ऑइल डोळ्यांसमोर येते. म्हणून घरोघरी तिला ‘पार्किंग’च म्हणतात. नावाप्रमाणे तेथे केवळ गाडी राहत नाही. दोन स्कूटर असतात, मुलांच्या सायकली असतात, सणाच्या हंगामात दुकानातील जास्तीचा माल येऊन पडतो आणि स्वयंपाकघराकडे जाणारा मागचा दरवाजाही बहुधा याच खोलीत उघडतो. पहाटे अनवाणी देरासरात निघालेली आजी याच वाटेने बाहेर पडते.

अशा खोलीची जमीन बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या कोब्याची. काही वर्षांत कोब्याची पूड निघू लागते, ऑइलचे डाग जिरतात, झाडू मारला की धूळ घरात शिरते. मग कोणीतरी व्हिनाइलच्या रोलची गोष्ट काढतो. फरशी फोडायला नको, गवंड्याची वाट पाहायला नको. गुंडाळी आणावी, अंथरावी आणि दुपारी गाडी आत घ्यावी. दुकानात नमुन्याचे तुकडे सुरेख दिसतात. नाण्यांसारखे उठाव असलेला, लांबट पट्ट्यांचा, बसच्या पायरीवरील पत्र्यासारखा चौकडीचा, असे प्रकार असतात. विक्रेता तुकड्यावर पेलाभर पाणी ओततो, फडक्याने पुसतो आणि सांगतो, ‘पूर्ण वॉटरप्रूफ आहे.’

तो खोटे बोलत नाही. वरून पडलेले पाणी व्हिनाइलमधून खाली जात नाही, हे खरेच. पण त्याच कारणाने खालून आलेले पाणी वर निघून जाऊ शकत नाही, हे दुकानात कोणी दाखवत नाही. कर्जत-खालापूरच्या घरांत निर्णय याच दुसऱ्या अर्ध्यावर व्हायला हवा.

या दोन तालुक्यांत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पायथ्याला उतरलेले हे पाणी कर्जतेकडे उल्हास नदी नेते, खोपोली-खालापूरकडे पाताळगंगा. २०१९ च्या जुलैत उल्हासच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ते अनेकांना आठवत असेल. पुराचे पाणी निदान दिसते. त्याची बातमी होते. जमिनीतून चढणारी ओल दिसत नाही.

येथील जमिनीचा पूर्वेतिहासही ध्यानात घ्यायला हवा. कर्जत हा भाताचा तालुका. येथील कृषी संशोधन केंद्रात तयार झालेली ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ ही भाताची वाणे कोकणभर पेरली जातात. भातखाचर म्हणजे पाणी धरून ठेवण्यासाठीच घडवलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने तिच्या खाली घट्ट थर बसतो, चारी बाजूंना बांध असतो, आणि पाणी मुरून जाऊ नये हीच शेतकऱ्याची सारी खटपट असते. आज ज्याला प्लॉट म्हणतात, तो अनेकदा असा खाचराचा तुकडा असतो. त्यावर मुरमाचा भराव पडतो, सोलिंग होते, काँक्रीट होते आणि बंगला उभा राहतो. पण पावसाळ्यात खालची जमीन आपला जुना धर्म सोडत नाही. काँक्रीट भरीव दिसले तरी सूक्ष्म छिद्रांनी भरलेले असते, आणि दिव्याची वात जसे तेल ओढते तसे ते पाणी वर ओढते. भरावावर, काँक्रीटखाली जाड पॉलिथिनचा कागद अंथरलेला असेल तर ओल तेथेच अडते. घराच्या खोल्यांसाठी ही काळजी कधीकधी घेतलेली असते. पार्किंगसाठी ती घेतलेली क्वचित आढळते, कारण बांधकामाच्या हिशेबात ती सर्वांत स्वस्त खोली असते.

उघड्या कोब्यावर ही ओल हवेत उडून जाते, म्हणून ती कोणाच्या लक्षात येत नाही. व्हिनाइल अंथरले की तिचा मार्ग बंद होतो. पाण्याबरोबर वर आलेला क्षार पटाखाली पांढऱ्या पुडीसारखा साचतो. भिंतीला लागतो तोच हा लोणा. गोंद लावून पट चिकटवला असेल तर तो सुटू लागतो आणि फुगे येतात. मग बुरशी धरते, कुबट वास येतो. आणि जेथे बुरशी, तेथे ती खाणारे बारीक किडे, त्यांच्या मागे गोम आणि पाल.

जैन घराला हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा राहत नाही. चातुर्मासात जीवोत्पत्ती टाळण्यासाठी जे घर हिरव्या भाज्या सोडते, पाणी गाळते, दळणाच्या डब्याला ओलसर हात लागू देत नाही, त्याच घराने वीस फूट लांबीची एक काळोखी, ओली, बंद जागा स्वतःच्या पैशाने तयार करून तिच्यावरून रोज गाडी न्यावी, हे विचित्र होईल. एकदा जीव निपजले की औषध फवारणे मनाला पटत नाही आणि न फवारावे तर चाकाखाली जे होते ते होतच राहते. जयणा पाळायची तर ती खरेदीच्या आधीच पाळावी लागते.

त्यासाठी उपाय साधा आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर सपाट ठेवून चारी कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद कराव्यात. निदान सोळा तास, शक्यतो पूर्ण दिवस-रात्र तो तसाच राहू द्यावा. मग उचलून पाहावे. खालच्या बाजूला थेंब असतील किंवा कोब्याचा तेवढा चौकोन गडद झाला असेल, तर ओल जमिनीतून येते. थेंब प्लास्टिकच्या वरच्या अंगाला असतील तर ती हवेतील दमट वाफ; ज्या दिवशी फरशीला घाम सुटतो त्या दिवशी असे होते आणि त्याचा जमिनीशी संबंध नसतो. ही परीक्षा तीन ठिकाणी करावी: शटरजवळ, मधोमध आणि मागच्या भिंतीलगत. भिंतीपलीकडे बाग, न्हाणी किंवा पाण्याची टाकी असल्यास तेथील निकाल बहुधा वेगळा येतो. प्रयोगशाळेच्या मोजमापाची सर तिला नाही, पण घराच्या निर्णयाला ती पुरेशी आहे.

मात्र ही परीक्षा केव्हा करायची, याला परीक्षेपेक्षा अधिक महत्त्व आहे. मार्च-एप्रिलमध्ये कर्जतचा कोणताही कोबा उत्तीर्ण होतो. खरेदीही तेव्हाच होते, कारण सुट्ट्या असतात, लग्नसराई असते, पाहुणे येणार असतात. समजा एखाद्या घराने अक्षय्य तृतीयेला रोल अंथरला. ज्येष्ठ संपेपर्यंत तो आरशासारखा दिसेल. श्रावणात कडा उचलली तेव्हा खरा निकाल हाती येईल, आणि तोपर्यंत पैसे दिलेले असतील. म्हणून परीक्षा ऑगस्टमध्ये, पाऊस आठ-दहा दिवस लागून राहिल्यावर करावी आणि खरेदी दिवाळीनंतर. नवे बांधकाम असेल तर आणखी थांबावे. काँक्रीटला बळ यायला २८ दिवस पुरतात; ते वाळायला मात्र जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना, असा ढोबळ अंदाज धरतात, तोही कोरड्या दिवसांचा.

ओलीचा निकाल लागला की मग वस्तूकडे वळावे. येथे थोडा इतिहास उपयोगी पडतो. गुंडाळता येणारी फरशी ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने १८६३ मध्ये लिनोलियमचे पेटंट घेतले. ते जवसाच्या तेलापासून बनत असे. पीव्हीसी हे द्रव्य तेव्हा कोणाच्या उपयोगाचे नव्हते, कारण ते कडक आणि ठिसूळ होते. १९२६ मध्ये अमेरिकेतील गुडरिच या टायर कंपनीतील वॉल्डो सेमन याने त्यात मऊ करणारी तेलकट द्रव्ये मिसळून ते लवचीक केले आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात व्हिनाइलची फरशी लोकांसमोर आली. आज आपल्या रेल्वेच्या डब्यांत पायांखाली असते तेही पीव्हीसीचेच अंथरण, आणि पालघर जिल्ह्यातील बोईसर येथे या मालाचे मोठे उत्पादन होते.

टायर कंपनीत जन्मलेल्या या वस्तूचे टायरशी मात्र जमत नाही. रबर उन्हाने व हवेने तडकू नये म्हणून टायरमध्ये काही रसायने घातलेली असतात. व्हिनाइलला मऊ ठेवणारी तेलकट द्रव्ये त्यांना आत ओढून घेतात. महामार्गावरून आलेले गरम टायर रोज एकाच जागी उभे राहिले की काही आठवड्यांत तेथे पिवळट-तपकिरी डाग उमटतो. तो पृष्ठभागावर नसतो, आत उतरलेला असतो. साबण, सोडा, रॉकेल यांपैकी कशानेही जात नाही. विक्रेते यावर चाकाखाली रबराची चटई घालण्यास सुचवतात. रबराला रबर हा उपाय कसा होणार? चटईचाही तसाच डाग पडतो, फक्त अधिक मोठा. चार चाकांच्या चार जागी प्लायवुडचे तुकडे किंवा कडप्प्याच्या लहान लाद्या ठेवाव्यात. नाहीतर पटच काळा किंवा गडद राखाडी घ्यावा. फिकट करडा आणि बदामी रंग दुकानात सर्वांत आधी पसंत पडतो आणि घरी सर्वांत आधी खराब होतो.

जाडीच्या बाबतीत फसगत सोपी आहे. घरातील खोल्यांसाठी मिळणारे, खाली फोम किंवा फेल्टचे अस्तर असलेले एक मिलिमीटरच्या आसपासचे व्हिनाइल गाडीखाली चालत नाही. अस्तर पाणी शोषते आणि चाकाखाली दबून बसते. पार्किंगसाठी अस्तर नसलेला, सलग पीव्हीसीचा, निदान दोन आणि शक्य तर अडीच मिलिमीटरचा पट हवा. सांगितलेली जाडी कित्येकदा नक्षीच्या उठावासकट मोजलेली असते. उठावांच्या मधल्या सपाट भागावर मोजून घ्यावी. नमुन्याचा कोपरा दुमडून दाबला असता घडीवर पांढरी रेघ उठली, तर मालात खडूच्या पुडीची भर फार आहे असे समजावे. असा पट वजनाला जड लागतो, म्हणून गिऱ्हाईक त्याला भक्कम समजते. अस्तर नसलेल्या लवचीक पीव्हीसी फरशीसाठी ‘आयएस ३४६२’ हे भारतीय मानक आहे. माल त्या मानकाचा आहे काय, हा प्रश्न विचारल्यावर विक्रेता कसा वागतो, यावरूनही पुष्कळ कळते.

एक हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. दहा फूट रुंद व वीस फूट लांब खोली म्हणजे दोनशे चौरस फूट. चौरस फुटाला दहा रुपयांचा फरक म्हणजे एकूण दोन हजारांचा. मोटारीच्या एका टायरला याहून अधिक पडतात. पातळ पट घेऊन वाचवलेली रक्कम एवढीच असते. अडीच मिलिमीटरचा दहा फुटी अखंड पट सुमारे साठ किलोचा भरतो. तो दोन माणसांना सहज हलत नाही, आणि हलवता न येणारा पट पुन्हा उचलून पाहिला जात नाही. त्यापेक्षा पाच-पाच फुटांच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. साध्या मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांत पाच फुटांच्या आतबाहेर अंतर असते. सांधा मधोमध आला की चाक त्याच्यावरून जातच नाही.

पट चिकटवू नये. तो नुसता अंथरावा, पुढची कड तेवढी शटरपाशी ॲल्युमिनियमच्या पट्टीने धरावी. गुंडाळी उघडल्यावर एक दिवस तशीच पसरून ठेवावी, म्हणजे वळ्या जातात आणि नव्या मालाचा उग्र वासही कमी होतो, कापणी त्यानंतर. भिंतीलगत अर्धा इंच मोकळा सोडावा, कारण उन्हाळ्यात पट पसरतो. चालकाने उभ्या गाडीचे स्टीअरिंग फिरवण्याची सवय सोडावी. जागच्या जागी चाक वळले की मोकळ्या पटाला हमखास सुरकुती पडते. स्कूटरच्या स्टँडखाली फळीचा तुकडा हवा. शंभर किलोचे धूड दोन बोटांएवढ्या जागेवर उभे राहते आणि तेथे कायमचा खळगा पडतो. पेट्रोल किंवा ब्रेक ऑइल सांडले तर ते तत्काळ पुसावे. पेट्रोल पटातील मऊपणा काढून घेते आणि ती जागा पुढे कडक होऊन चिरते.

नक्षीचा विचार मात्र निवांत करावा, कारण येथे पैशांहून मोठे काही पणाला लागलेले असते. गुळगुळीत किंवा चामड्यासारख्या बारीक दाण्याचा पट पुसायला सोपा, पण ओल्या टायरचे पाणी आणि ऑइलचा एखादा थेंब एकत्र आले की त्यावर पाय ठरत नाही. घरातील वडीलधारे माणूस पडले आणि खुब्याचे हाड मोडले, तर मग फरशीच्या दराची चर्चा कोणी करत नाही. चौकडीच्या नक्षीत चिखल अडकतो. भातशेतीच्या रस्त्यांवरून येणाऱ्या गाड्यांचा चिखल चिकट असतो आणि तो काढायला ब्रश घेऊन बसावे लागते. लांबट पट्ट्यांची नक्षी येथील पावसाला बरी. पट्ट्या शटरच्या दिशेने धावतील अशा ठेवल्या, तर पाणी त्यांच्यामधून वाहून बाहेर जाते. त्यासाठी जमिनीला उतार हवा: शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने वीस फुटांत सुमारे अडीच इंच. उतार घराच्या बाजूने असेल तर कोणतीही नक्षी उपयोगाची नाही. आधी गवंडी बोलवावा. आणि कोणताही पट घेतला तरी स्वयंपाकघराच्या दारापासून शटरपर्यंत भिंतीलगतची दोन-अडीच फुटांची पायवाट व्हिनाइलशिवाय ठेवावी, तेथे खडबडीत शहाबादी किंवा चेकर्ड टाइल घालावी. आजीची वाट आणि गाडीची वाट वेगळी असलेली बरी.

व्यापारी घरांसाठी दोन गोष्टी जाता जाता. रोलचे बिल दुकानाच्या नावाने घेऊन जीएसटीची वजावट घेण्याचा मोह होतो. घरगुती वापराच्या वस्तूवर कायदा ती वजावट देत नाही. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. जमीन स्वच्छ, चकचकीत झाली की पार्किंगचे हळूहळू गोदाम होते. बँकेकडे तारण असलेला माल ज्या पत्त्यावर दाखवलेला आहे आणि विमा ज्या पत्त्याचा आहे, तेथेच तो असावा लागतो. घरच्या पार्किंगमध्ये ठेवलेली कापडाची गाठ किंवा साखरेचे पोते भिजले अथवा जळले, तर पॉलिसीत तो पत्ता नसल्याचे दावा करताना लक्षात येते. शिवाय पोती थेट व्हिनाइलवर ठेवली की तळ ओलावतो. ठेवायचीच असतील तर लाकडी फळ्यांवर, आणि पत्ता विमा कंपनीस व बँकेस कळवून. पीव्हीसी पेटले तर गुदमरवणारा आम्लाचा धूर सोडते, हेही पेट्रोलच्या गाडीशेजारी माल रचताना आठवावे.

आता प्रश्न उरतो तो ओलीच्या निकालाचा. ऑगस्टमध्ये तिन्ही चौकोन कोरडे निघाले तर निःशंकपणे रोल घ्यावा. खोपोलीच्या उंचवट्यावरील खडकाळ जागेत किंवा पाया चांगला उंच उचललेल्या बंगल्यात असे होऊ शकते. तिन्ही ओले निघाले, कोबा हाताला गार आणि ओलसर लागला, तर रोलचा विचारच सोडावा. अशा जागी कोटा, शहाबादी किंवा चेकर्ड टाइल हीच फरशी योग्य; सांध्यांतून ओल बाहेर पडत राहते आणि खाली पोकळी राहत नाही. रोलपेक्षा खर्च अधिक येईल, गवंड्याचे पाच-सहा दिवस जातील, एवढेच. आधी रोल आणि दोन वर्षांनी लादी, असे दोन्ही खर्च करणारी घरे शेवटी तेथेच येतात.

अवघड असते ती मधली अवस्था: शटरजवळ कोरडे, मागच्या भिंतीलगत ओले. बहुसंख्य घरे यातच बसतात. अशा ठिकाणी रोल घेता येतो, पण वर्षातील आठ महिन्यांसाठी. मागचे चार-पाच फूट उघडेच ठेवावेत. ज्येष्ठात, पहिल्या मोठ्या पावसाआधी, दोन्ही पट्ट्या उचलाव्यात, दोन्ही बाजूंनी पुसून सावलीत वाळवाव्यात आणि घडी न घालता मोठ्या घेराची सैल गुंडाळी करून माळ्यावर ठेवाव्यात. चार महिने गाडी उघड्या कोब्यावर उभी राहील आणि कोबा आपली ओल हवेत सोडत राहील. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, तोपर्यंत येथील जमिनीने बरेचसे पाणी सोडलेले असते. प्लास्टिकचा तुकडा पुन्हा एकदा चिकटवून पाहावा, आणि तो कोरडा निघाला की पट्ट्या खाली उतरवाव्यात.